पडद्यावरचा काळा रंग येतो कुठून?

प्रक्षेपक हे प्रकाश फेकणारे यंत्र. मग विद्यार्थी मित्रांनो, पडद्यावर काळी अक्षरे उमटवण्यासाठी तो काळा प्रकाश कुठून आणतो? काळा प्रकाश अशी वस्तूच जगात नाही. अक्षराच्या जागी प्रक्षेपक प्रकाश टाकत नाही, एवढेच. तिथे उरतो तो कोरा पडदा आणि त्यावर खिडकीतून व ट्यूबमधून येणारा उजेड. म्हणून प्रक्षेपक सुरू करण्यापूर्वी पडद्याकडे एकदा नीट पाहा. तो जेवढा उजळ दिसतो, त्याहून अधिक काळा रंग तुम्हाला त्या तासाला मिळणार नाही!

वर्गात चित्र फिके दिसू लागले की अधिक शक्तीचा प्रक्षेपक घ्यावा असा विचार लगेच पुढे येतो. तो बरोबर आहे का, ते आकडे घालून पाहू. समजा, प्रक्षेपक ३००० ल्यूमेनचा आहे आणि चित्र २ मीटर रुंद व १.५ मीटर उंच, म्हणजे ३ चौरस मीटरचे आहे. दर चौरस मीटरला १००० ल्यूमेन, म्हणजेच १००० लक्स प्रकाश पडला. वर्गातल्या उजेडाचे ३०० लक्स पडद्यावर आधीच आहेत असे धरू. मग पांढरी जागा १३०० आणि काळी ३००. गुणोत्तर जेमतेम ४. आता दुप्पट शक्तीचा प्रक्षेपक आणला तर २३०० आणि ३००, म्हणजे ८ सुद्धा नाही. त्याऐवजी जुनाच प्रक्षेपक ठेवून पडद्याजवळची ट्यूब तेवढी मालवली, शेजारच्या खिडकीला जाड कापड लावले आणि पडद्यावरचा उजेड ५० लक्सवर आणला तर? १०५० भागिले ५०, म्हणजे २१! हे काम एका बटणाचे आणि एका चादरीचे आहे. सगळा वर्ग मात्र काळोखा करू नये; मुलांना वहीत लिहायचे असते.

चित्र मोठे करण्याचा मोहही असाच महागात पडतो. प्रक्षेपक दुप्पट अंतरावर नेला की चित्राची लांबी-रुंदी दुप्पट, पण क्षेत्रफळ चौपट होते. १००० लक्सचे उरतात २५०. व्यस्त वर्गाचा नियम तो हाच.

आता शेवटच्या बाकावर जाऊन बसा. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखता यायला ते सुमारे ५ कलांचा कोन करणारे असावे लागते (१ कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग). ७ मीटरांवरून हा कोन सुमारे १० मिलिमीटर उंचीचे अक्षर करते. पण ही झाली मर्यादा. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरची शेवटची ओळ तासभर कोण वाचणार? शिवाय चष्म्याची गरज असून तो नसलेली मुले प्रत्येक वर्गात असतात. म्हणून अक्षर चौपट, ४० मिलिमीटरचे धरा. देवनागरीला वरच्या-खालच्या मात्रांसाठीही जागा लागते. तेव्हा ओळीला १०० मिलिमीटर द्यावे, म्हणजे दीड मीटर उंचीत १५ ओळी मावतील. पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान पडद्यावर टाकणाऱ्या शिक्षकांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

वर्ग लांब असेल तर मध्यावर भिंतीला एक दूरदर्शन संच टांगतात. हा उपाय चांगला, पण इथेही कोनच मोजायचा. ४३ इंची संचाची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर. ७ मीटरांवरच्या दीड मीटर पडद्याइतका मोठा दिसायला तो शेवटच्या बाकापासून अडीच मीटरांच्या आत हवा. साडेतीन मीटरांवर टांगला तर मोठ्या पडद्यापेक्षा लहानच दिसेल! त्याचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. त्याची काच मुळातच काळसर असते, त्यामुळे उजेडातही काळा रंग बराच काळा राहतो.

संगणकाची एकच एचडीएमआय खाच असेल तर स्प्लिटर नावाची छोटी पेटी लावून तेच चित्र प्रक्षेपक आणि संच या दोघांना देता येते. विंडोज असलेल्या संगणकावर विंडोज कळ आणि पी एकत्र दाबली की पर्याय दिसतात. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास सर्वत्र एकच चित्र. ‘एक्स्टेंड’ निवडल्यास शिक्षकांची टिपणे संगणकावर आणि आकृती वर्गासमोर. डुप्लिकेटमध्ये एक अडचण येते. संगणकाचे बिंदू १३६६ गुणिले ७६८ आणि प्रक्षेपकाचे १०२४ गुणिले ७६८ असले, तर कुठेतरी चित्र ताणावे वा आक्रसावे लागते आणि बारीक रेघा पुसट होतात. अशा वेळी एक्स्टेंड वापरून प्रक्षेपकाला त्याचेच माप द्यावे.

प्रक्षेपक तिरपा ठेवला की आयताचा समलंब चौकोन होतो. कीस्टोनची कळ तो सरळ करते, पण काही बिंदू वाया घालवून. टेबलाखाली दोन पुस्तके सारून यंत्रच पडद्यासमोर नीट आणता आले तर ते अधिक बरे. यंत्र चालू असताना भिंगात डोकावू नका. आणि दिव्याचा प्रक्षेपक असेल तर तास संपल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नका. दिवा तोवर तापलेलाच असतो.