दिवसभर अंगावर राहू द्या

माझ्या पुतणीच्या मानेवर, उजव्या कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत, एक तपकिरी रेघ होती. लग्नानंतर जवळजवळ आठ महिने होती. ती माझ्या हातून उमटली होती, अत्तराच्या एका थेंबाने. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या देवळा गावात उन्हाळ कांदा चाळीत पडला की लग्नांची घाई सुरू होते. पुतणीचं लग्नही ऐन वैशाखातलं. घरात अत्तराची हौस मला, त्यामुळे पाहुण्यांना लावायचं अत्तर मी आणायचं असं ठरलं आणि मी ते डिसेंबरातच आणून ठेवलं. एका यात्रेत घेतलं. कडाक्याची थंडी होती, अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ. दुकानदाराने कागदाची पट्टी बाटलीत बुडवून माझ्या नाकापुढे धरली. गुलाबाचा वास आणि त्यावर लिंबाच्या सालीसारखा काहीतरी झणझणीत ताजेपणा. दहा मिनिटांत सात-आठ बाटल्या हुंगल्या, त्यातली हीच आवडली. दोन तोळे घेतलं. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, कुणी बनवलं ते नव्हतं, आत काय आहे ते नव्हतं. मीही विचारलं नाही. घरी आणून खिडकीशेजारच्या पत्र्याच्या कपाटात ठेवलं, ते थेट लग्नाच्या दिवशी काढलं. मधल्या साडेचार महिन्यांत एकदाही स्वतःच्या हाताला लावून पाहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी लॉन्सच्या दाराशी दोन भाचे उभे. एकाच्या हातात गुलाबदाणी, दुसऱ्याच्या हातात अत्तराचा फाया. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटामागे अत्तर लागत होतं. पहिली पाच मिनिटं सगळे खूश. मग लिंबाचा ताजेपणा गेला. थोड्या वेळाने गुलाबही गेला. उरला तो जड, गोडसर, खवट खोबरेल तेलासारखा वास. मांडवात घामाने डबडबलेली माणसं आणि प्रत्येकाच्या हाताला तोच वास. पंगतीत लोक जेवायच्या हाताला वास येतो म्हणून परत परत हात धुऊन येत होते, तरी तो जाईना. जाऊबाईंच्या मावशींनी पदराने मनगट खसाखसा पुसलं आणि मला विचारलं, “हाऊ कसाना वास ई ऱ्हायना वं?” त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं. त्या न जेवता बाजूच्या खोलीत जाऊन पडल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. नवरीला अत्तर मीच लावलं होतं. बाटलीच्या काचकाडीने कानामागे थेंब ठेवला, तो ओघळला, खाली आला, मी बोटाने टिपला आणि विसरले. पुढे तिला फोटोंसाठी उन्हात तासभर उभं केलं. दुपारचे चार म्हणजे आमच्याकडे ऊन अजून तापलेलंच असतं. मांडव परतणीला पोरगी आली तेव्हा थेंब ज्या वाटेने ओघळला होता त्याच वाटेने कातडी लालबुंद, आग होणारी. पुढच्या पंधरवड्यात लाली गेली आणि तपकिरी रेघ उमटली. सासरी नवी नवरी, मानेवर असा डाग. “आधीपासून होतं का?” असं कुणीतरी विचारलंच. तो प्रश्न तिला माझ्यामुळे ऐकावा लागला.

नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी रेघ पाहिली आणि पहिला प्रश्न केला, “अत्तर लावलं होतं का, आणि त्यानंतर उन्हात गेली होती का?” बाटली हुंगून ते म्हणाले की यात लिंबूवर्गीय सालीचं तेल असावं, बहुधा बर्गमॉट. त्या तेलात बर्गाप्टेन नावाचा पदार्थ असतो. कातडीवर तो लागलेला असताना ऊन पडलं तर भाजल्यासारखी जखम होते आणि मागे काळपट डाग राहतो. सावलीत काही होत नाही. ऊन आणि तेल दोन्ही एकत्र आले तरच होतं. या डागांना बर्लोक डर्मटायटिस म्हणतात. फ्रेंचमध्ये लोलकाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं, कारण डाग गळ्यात लोलक लोंबावा तसा ओघळत उमटतो. घरात लिंबू पिळून तसंच हात न धुता उन्हात गेलं तरी असे डाग पडू शकतात, हेही त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात सरबतं करणाऱ्या घरांनी एवढं लक्षात ठेवावं.

त्यानंतर मी अत्तर सोडलं नाही, पण शिकायचं ठरवलं. मालेगावला अत्तराची जुनी दुकानं आहेत, देवळ्याहून जाणं-येणं एका दिवसात होतं. तिथल्या एका वयस्कर चाचांकडे मी दोन वर्षं जात राहिले. पहिल्या दिवशी मी नेहमीच्या सवयीने बाटलीचं झाकण उघडून नाकाशी नेलं. त्यांनी बाटली हातातून काढून घेतली, माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला काडीने टिंब ठेवलं आणि म्हणाले, “बाजारातलं काम करून या. संध्याकाळी परत हुंगा. आवडलं तर उद्या या.” उद्या येणारं गिऱ्हाईक त्यांना चालत होतं. अशा दुकानात पैसे खर्च करावेत.

अत्तर अंगावर बदलतं म्हणजे काय, ते हळूहळू उमगलं. अत्तर हा एकच पदार्थ नसतो, हलक्या-जड अनेक सुगंधी पदार्थांचं ते मिश्रण असतं. लिंबू, संत्रं, पुदिना यांचे वास हलके, ते दहा-पंधरा मिनिटांत उडून जातात. फुलांचे वास त्यानंतर वर येतात आणि तासभर, दोन तास टिकतात. चंदन, ऊद, कस्तुरी, अंबर, वाळा म्हणजे खस, हे जड वास शेवटी उरतात आणि रात्रीपर्यंत, कपड्याला लागले तर दुसऱ्या दिवशीही राहतात. म्हणजे दुकानात आपण ज्या वासावर भुलून पैसे देतो तो सगळ्यात आधी जाणारा असतो. आपल्यासोबत घरी येतो तो शेवटचा. यात्रेत मी पहिला वास विकत घेतला, लग्नात लोकांना शेवटचा मिळाला.

कागदावर हे कळत नाही. कागद थंड आणि कोरडा असतो. आपल्या कातडीचं तापमान साधारण 32-33 अंश असतं, तिच्यावर तेल असतं, घाम असतो, ती किंचित आम्लधर्मी असते. गरम अंगावर हलके वास आणखी लवकर उडतात. म्हणून डिसेंबरात पारखलेलं अत्तर वैशाखात तसंच वागेल ही अपेक्षाच चुकीची. ज्या ऋतूत लावायचं त्याच ऋतूत पारखावं. जुन्या लोकांनी हे कधीच ओळखलं होतं. उन्हाळ्यात खस, मोगरा, गुलाब, आणि हिना, शमामा, ऊद थंडीत. हिना उन्हाळ्यात लावून बसमध्ये शेजारच्याला त्रास देऊ नये.

माणसागणिक फरक पडतो तो मी बचत गटाच्या बैठकीत पाहिला. एकाच बाटलीतली खस आम्ही चौघींनी लावली. माझी कातडी कोरडी, दोन तासांत वास जवळजवळ गेला. एकीची तेलकट, तिच्या मनगटावर सहा तासांनीही ओल्या मातीसारखा गंध होता. तिसरी नुकतीच कांदे निवडून आली होती. तिच्या हाताला खसचा वास आलाच नाही, दुसरंच काही विचित्र आलं. देवळा, उमराणे, लोहोणेरकडच्या माझ्या मैत्रिणींना हे मुद्दाम सांगते: कांद्यातले गंधकाचे पदार्थ बोटांना चिकटून राहतात, साबणानेही लवकर जात नाहीत. चाळीत काम केलं त्या दिवशी अत्तर पारखायला जाऊ नका. गेलातच तर बोटावर किंवा मनगटावर लावून घेऊ नका, कोपराच्या आतल्या लवणीत लावा.

आणि कुणी खस आणली म्हणून मैत्रिणीने आणू नये. तिच्या अंगावरचं अत्तर तिचं. आपल्या अंगावर ते कसं होईल हे आपल्याच अंगाला विचारावं लागतं.

नाकाचंही ध्यान ठेवावं लागतं. तीन वासांनंतर माझं नाक थकतं, पुढचं सगळं एकसारखंच येतं. यात्रेत मी सात-आठ हुंगले होते. त्यातला शेवटचा आवडला याला काही अर्थ नव्हता. काही दुकानांत मध्ये मध्ये कॉफीचे दाणे हुंगायला देतात. अभ्यासकांनी प्रयोग करून पाहिले तेव्हा कॉफी आणि साधी हवा यांत काही फरक दिसला नाही. बाहेर येऊन पाच मिनिटं उभं राहावं, नाहीतर स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा. कस्तुरीसारखे काही बनावटी गंध तर काहींच्या नाकाला कळतच नाहीत. एक बाटली मला नुसतं पाणी वाटली आणि माझी मुलगी नाक धरून मागे सरली. तेव्हापासून मी एकटी जात नाही. आपलं अत्तर आपल्यापेक्षा शेजारच्याला जास्त भोगावं लागतं, त्याचं मत आधी घेतलेलं बरं.

भेसळीचं बोलायलाच हवं. कनौजची पद्धत अशी की तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून खालून आच द्यायची आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या भांड्यात, आणायची. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते गंध धरून ठेवतं. चंदनाचं तेल महाग, म्हणून आज पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पातळ पॅराफिन किंवा दुसरी वासरहित द्रावकं वापरतात. फुलांचा हिशेबही करून पाहा. एक किलो निव्वळ गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे तोळाभर तेलामागे चाळीस-पंचेचाळीस किलो, आपल्या कांद्याच्या पोत्याएवढं वजन. शंभर रुपयांत तोळाभर ‘अस्सल रूह गुलाब’ मिळतो असं कुणी म्हणालं तर तो गुलाब नाही. बनावटी गंध वाईटच असतो असं मी म्हणत नाही, काही फार छान असतात. पण आपण काय घेतो आहोत ते विकणाऱ्याने सांगायला हवं. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि वापरायची मुदत नसलेली बाटली मी आता घेत नाही.

सुगंध वेळ मागतो हे आपल्या भाषेला नवीन नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी 1945 मध्ये ‘गंधवाद’ नावाच्या जुन्या हस्तलिखितावर लिहिलं. त्या ग्रंथावर मराठी टीका आहे, आणि गोड्यांच्या मते ती 1350 ते 1550 या काळातली. ‘गंधवादा’सोबत पुढे छापल्या गेलेल्या गंगाधराच्या ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. गंध मुरवायचा, शिजवायचा, जागा करायचा, मग त्याला धूप द्यायचा. बनवणारे इतका धीर धरत होते आणि मी घेताना दहा मिनिटंही दिली नव्हती, हे वाचताना मला फार लागलं.

माझी आताची रीत सांगते. आधी अर्धा तोळासुद्धा नाही, सगळ्यात लहान कुपी घ्यायची. कोपराच्या आतल्या बाजूला एक टिंब लावायचं, चोळायचं नाही. चोळल्याने जागा गरम होते आणि वरचा वास लवकर जातो. लावल्या लावल्या, अर्ध्या तासाने, तीन तासांनी आणि झोपताना हुंगायचं. मग तीच जागा दोन दिवस पाहायची. अत्तराची ॲलर्जी लगेच दिसतेच असं नाही. खाज, पुरळ एक-दोन दिवसांनीही उठतं. दालचिनी, लवंग यांची तेलं असलेली अत्तरं विशेष जपून वापरावीत. लिंबूवर्गीय तेलं जुनी झाली, हवा-उजेड लागून बिघडली की जास्त त्रास देतात, म्हणून बाटली आता खिडकीत नाही, लाकडी पेटीत अंधारात असते. दमेकरी, अर्धशिशीवाले आणि तान्ही बाळं यांच्या घरात अत्तर कमीच वापरावं. बाळाच्या अंगाला तर नकोच.

पैठणीला अत्तराचं टिंब लावू नका. तेलाचा डाग रेशमावरून सहजी निघत नाही. येवल्याहून आणलेल्या शालूवर तो माझ्याकडे अजून आहे.

लग्नात पाहुण्यांना अत्तर लावायची रीत सुंदर आहे, ती मोडू नये असंच मला वाटतं. फक्त अत्तर लग्नाच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या चार-पाच जणांनी भर दुपारी लावून, उन्हात न जाता सावलीत दिवसभर काढून पाहावं. पाहुण्याला विचारून लावावं. मानेला, चेहऱ्याला लावूच नये. कापसाचा फाया कानाच्या वरच्या वळीत ठेवायची जुनी पद्धत मला आता जास्त पटते, वास मिळतो आणि तेल ओघळत नाही. ज्याला नको असेल त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडावं.

गेल्या वैशाखात धाकट्या पुतणीचं लग्न झालं. दाराशी खस होती. मालेगावच्या चाचांकडची, तीन दुपारी आमच्या सहा जणांच्या अंगावर राहून आलेली. नवरीच्या मानेला मी अत्तर लावलं नाही.