झोपलेला लॅपटॉप वीज का खातो?

समजा नांदगाव पेठला रात्री तुम्ही अर्धा अहवाल लिहून लॅपटॉप ‘स्लीप’वर ठेवला. सकाळी बॅटरी रिकामी, अहवालही गेला! असे का व्हावे?

झोपेतही रॅम ही स्मृती जागीच असते. तिच्या सूक्ष्म धारित्रांतून विद्युतभार गळतो. तो साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज संपली की स्मृती पुसली जाते.

आता दोष शोधू या. बॅटरी पूर्ण भरून एक रात्र लॅपटॉप बंद ठेवा, दुसरी रात्र झोपवा. सकाळची टक्केवारी वहीत लिहा. बंद असतानाही ती बरीच घटली, तर बॅटरीवर संशय घ्या. झोपेतच घटली, तर एखादा प्रोग्रॅम त्याला जागवत असावा. तोवर ‘हायबरनेट’ वापरा. त्यात स्मृती डिस्कवर उतरते. आणि झोपवण्यापूर्वी काम जतन करायला विसरू नका!