चाकांची दिशा आणि टायरांची झीज

मनुष्य कसा चालतो हे त्याच्या जुन्या वहाणेवरून बहुधा सांगता येते. शरीराचा भार पावलाच्या बाहेरील अंगावर पडत असेल, तर वहाणेची टाच बाहेरून झिजते. पाय फरपटत टाकण्याची सवय असेल, तर चवड्याखालचे चामडे आधी जाते. अनुभवी चांभार वहाण हाती घेताच हे ओळखतो. मोटारीच्या टायरांचेही असेच आहे. टायर अकाली झिजले की आपण रबरास, रस्त्यास किंवा दुकानदारास दोष देतो. परंतु पुष्कळदा खरे कारण चाकांच्या मांडणीत असते, आणि ते टायराच्या अंगावरच उमटलेले असते. ही खूण कशी वाचावी, आणि एका नामांकित वेगवान मोटारीच्या बाबतीत तिचा अर्थ काय निघाला, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम झीज कशाने होते ते पाहू. खोडरबर मेजावर नुसते दाबले, तर ते झिजत नाही. तेच रबर गोल असून नुसते लोळवत नेले, तरीही फारसे झिजत नाही. दाबून घासले म्हणजे मात्र त्याचा चुरा पडू लागतो. सारांश, दाब आणि घसरण ही दोन्ही एकत्र आली म्हणजे झीज होते. चाकाचे तोंड ज्या दिशेस आहे त्याच दिशेस गाडी जात असेल, तर टायर रस्त्यावरून सरळ लोळतो. या दोन दिशांत अंतर पडले, की तो लोळता लोळता थोडा आडवाही घासला जातो.

चाकाची मांडणी मुख्यतः तीन कोनांवरून ठरते. गाडीकडे वरून पाहिले असता दोन्ही चाकांची पुढली टोके एकमेकांकडे किंचित वळलेली दिसली, तर चाके अंतर्मुख आहेत असे म्हणू. उलट दिसली, तर बहिर्मुख. कारखान्यांतून या कोनास ‘टो’ म्हणतात. पुढून पाहिले असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला दिसतो, तो ‘कँबर’. माथा आत असेल तर कँबर ऋण, बाहेर असेल तर धन. तिसरा ‘कॅस्टर’. सायकलीचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो, तसा चाक वळण्याचा अक्ष मागे झुकलेला असतो. त्यामुळे वळलेले चाक आपोआप सरळ होऊ पाहते. कॅस्टरचा झिजेशी संबंध थोडा असल्यामुळे पहिल्या दोन कोनांकडेच विशेष लक्ष देऊ.

टोचा परिणाम किती होतो, हे साध्या गणिताने काढता येते. समजा, मागील दोन चाकांच्या पुढल्या कडांमधील अंतर मागल्या कडांमधील अंतरापेक्षा ६ मि.मी. कमी आहे. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्यास ३ मि.मी. आले. टायराचा व्यास सुमारे ६०० मि.मी. धरला, तर प्रत्येक २०० भाग पुढे जाताना चाक १ भाग आडवे जाऊ पाहते. गाडी १ किलोमीटर गेली, तर हे आडवे अंतर ५ मीटर होते. १०,००० किलोमीटर गेली, तर ५० किलोमीटर! हे सर्व अंतर टायर उघड घसरतो असे नव्हे. रबर लवचीक असल्यामुळे रस्त्यास टेकलेला भाग आधी आडवा ताणला जातो आणि रस्ता सोडतेवेळी मागील टोकाशी घसरतो. परंतु हे प्रत्येक फेऱ्यास होत राहते, आणि रबर कणाकणाने जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. लहान कोनांच्या बाबतीत कोन दुप्पट केला, की आडवा जोर सुमारे दुप्पट होतो आणि आडवे अंतरही दुप्पट होते. म्हणून घर्षणात खर्च होणारे कार्य सुमारे चौपट होते. यामुळेच डोळ्यांस न दिसणारा टोचा फरक टायरास फार महाग पडतो.

कँबरचे काम निराळे आहे. वेगाने वळण घेताना गाडीचे अंग बाहेरच्या बाजूस झुकते, बाहेरील चाकांवर भार वाढतो, आणि त्यांचे माथेही बाहेर कलू पाहतात. चाक आधीच थोडे आत कललेले असेल, तर अशा वेळी ते रस्त्यावर सपाट बसते व त्याची पकड टिकते. म्हणून वेगवान मोटारींना ऋण कँबर मुद्दाम देतात. मात्र सरळ रस्त्यावर त्याच चाकाचा अधिक भार आतल्या कडेवर पडतो. केवळ कँबरने होणारी झीज तुलनेने सावकाश होते. परंतु कँबरने आतल्या कडेवर आणलेला दाब आणि टोने केलेली घसरण एकत्र आली, म्हणजे ती कड झपाट्याने खाल्ली जाते.

याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे जपानमधील होंडा कंपनीने १९९० साली विक्रीस आणलेली एनएसएक्स ही मोटार. तिचे मुख्य अंग अॅल्युमिनियमचे असून एंजिन आसनांच्या मागे, मागील चाकांच्या पुढे बसविलेले होते. अशा गाडीचा जड भाग मध्याजवळ असल्यामुळे ती वळणास चपळ असते. पण त्याच कारणाने तिचे शेपूट एकदा सुटले, तर तेही चपळाईनेच फिरते. चाके धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांशी रबरी बुश असतात. ब्रेक दाबताना किंवा भर वळणात पाय एकाएकी उचलताना ते थोडे दबतात, आणि चाकाची दिशा बदलते. मागील चाके अशा क्षणी बहिर्मुख झाली, तर गाडी गरकन फिरण्याचा संभव असतो. याकरिता कारखान्याने मागील चाके आरंभीच अंतर्मुख ठेविली. दोन्ही चाके मिळून टो ६ मि.मी. होता. जोडीस ऋण कँबर आणि पकडीसाठी मऊ रबराचे टायर होते.

परिणाम असा झाला, की पहिल्या एनएसएक्स गाड्यांचे मागील टायर थोड्याच हजार मैलांत संपू लागले. मालकांची तक्रार स्वाभाविक होती. पण गाडी बिघडलेली नव्हती, की बसविणाराचा हातही चुकलेला नव्हता. पुढील चाके १५ इंची व मागील १६ इंची असल्यामुळे टायरांची पुढेमागे अदलाबदल करण्याचा नेहमीचा उपायही चालत नव्हता. शेवटी १९९३ च्या सुमारास कारखान्याने मागील टो ६ वरून ४ मि.मी. वर आणला. वर सांगितलेल्या हिशेबाने टोमुळे होणाऱ्या घर्षणाचे प्रमाण ३६ स १६, म्हणजे ९ स ४ होते. ते निम्म्याहूनही कमी झाले. विद्यार्थ्यांनी येथे एक प्रश्न स्वतःस विचारावा: टो अजिबात काढून शून्य का केला नाही? तसे केले असते, तर टायर अधिक टिकले असते. पण घाबरून पाय उचलणाऱ्या चालकास वळणावर सांभाळून घेणारी शिल्लक उरली नसती. रबर वाचविण्यासाठी मनुष्याचा जीव धोक्यात घालणे हा कसला व्यवहार? गाडी स्थिर राहावी म्हणून काही झीज सोसावी लागते. गरजेपेक्षा अधिक मात्र सोसू नये.

आता टायर वाचण्याची रीत सांगतो. मधला पट्टा झिजला असेल, तर हवा अधिक भरली जात आहे. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल, तर हवा कमी आहे. एकच कड झिजली असेल, तर मांडणीची शंका घ्यावी. टायरावरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांप्रमाणे खरखरीत लागले, तर तो टोचा दोष समजावा. ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉक अब्सॉर्बर किंवा चाकाचा तोल तपासावा.

सर्वांत मोठा धोका आतल्या कडेचा. गाडीशेजारी उभे राहिले असता बाहेरील कडच नजरेस पडते व तिच्यावरील खाचा नव्यासारख्या दिसतात. आत मात्र रबर जाऊन धागे उघडे पडलेले असू शकतात. असा टायर वेगात फुटतो, किंवा पावसाळ्यात पाणी सारण्यास खाच न उरल्यामुळे घसरतो. मोटारीच्या टायराच्या खाचांतून १.६ मि.मी. उंचीच्या लहान आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात. टायराचा पृष्ठभाग कोणत्याही ठिकाणी, आतल्या कडेसही, त्यांच्या पातळीस आला, तर टायर बदलावा.

ज्या पालकांकडे मोटार आहे त्यांस आमची विनंती आहे, की चाक मोठ्या खड्ड्यात आदळले, चाकाच्या दांड्या किंवा बुश बदलले, अथवा नवे टायर घातले, तर चाकांची मांडणी तपासून घ्यावी. आधी हवा व बुश पाहावेत, कारण ढिल्या बुशावर केलेले माप टिकत नाही. मागील चाकांचे कोन बदलता येत असतील, तर ती प्रथम बसवावी व मग पुढील. केवळ पुढील दोन चाके तपासून काम पुरे झाले असे समजू नये. मापांचा कागद मागून घ्यावा व जपून ठेवावा.

विद्यार्थ्यांनीही आपल्या घरची किंवा शेजारची मोटार उभी असताना, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, चारही टायरांच्या आतल्या कडा हाताने तपासून पाहाव्या आणि काय आढळले ते वहीत टिपून ठेवावे. भूमितीतील एक अंश किती लहान असतो हे आपण वर्गात शिकतो. तो किती मोठा असतो हे टायर शिकवितो.