प्रकल्पाच्या अपयशाचे निदान : गुलाबी बोंडअळी आणि प्रणाली-विचार

कृषी विस्तार प्रकल्पाला अपेक्षित यश मिळाले नाही, की अहवालात बहुधा एक वाक्य हमखास आढळते : ‘शेतकऱ्यांनी शिफारशींचा पुरेसा अवलंब केला नाही.’ हे वाक्य खोटे नसते. मात्र निदान तेथेच थांबते. प्रणाली-विचारात हाच निष्कर्ष लक्षण मानला जातो आणि त्यामागील परस्परसंबंध, उलटून येणारे परिणाम व कारण-परिणामांतील कालांतर यांचा शोध घेतला जातो.

बीटी कपाशीचे उदाहरण घेऊ. भारतात तिला २००२ मध्ये, तर दोन जनुकांच्या वाणांना २००६ मध्ये मान्यता मिळाली. किडीत प्रतिकारक्षमता निर्माण होऊ नये म्हणून सभोवती बिगर बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते, राखणे आवश्यक ठरले. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याचे पाकीट येई. ते बहुतेक ठिकाणी बांधावरच टाकून दिले गेले. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळीने पहिल्या प्रथिनाला दाद न दिल्याचे जाहीर झाले, पुढे दुसरेही निष्प्रभ ठरले आणि २०१७ मध्ये विदर्भातील कापूस उत्पादकांना मोठा फटका बसला.

दोष शेतकऱ्याचा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु आश्रय ओळींतील नुकसान एकट्याने सोसायचे आणि लाभ मात्र साऱ्या शिवाराने घ्यायचा, कारण पतंग बांध ओळखत नाही. अशा व्यवस्थेत पाकीट टाकून देणे हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. त्यातही एक सूक्ष्म भेद दुर्लक्षित राहिला. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा यांवरही जगते. त्यामुळे आश्रय ओळी नसल्या तरी तिला नैसर्गिक आश्रय लाभतो. गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच अवलंबून असते. नियम एकच, पण दोन किडींच्या परिसंस्था भिन्न होत्या.

याहून महत्त्वाचे चक्र हंगामाबाहेर फिरते. दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि ओलिताची सोय यांमुळे फरदड घेतली जाते; किडीला खाद्य मिळत राहते. सुप्तावस्थेतील अळ्या साठवलेल्या पऱ्हाटीत, सरकीत व जिनिंग कारखान्यांच्या आवारात तग धरतात. पुढील हंगामात प्रादुर्भाव वाढतो, फवारणीचा खर्च चढतो आणि तो भरून काढण्यासाठी शेतकरी पुन्हा फरदडीकडे वळतो. नुकसान ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसते. त्याचे मूळ मात्र मागील हिवाळ्यात असते.

प्रकल्पांचे वेळापत्रक सहसा जूनमध्ये सुरू होते आणि प्रगती मोजली जाते वाटलेल्या कामगंध सापळ्यांच्या संख्येवर. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग ही आर्थिक नुकसान पातळी उपयुक्त आहेच. पण अळी बोंडात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून अशा प्रकल्पाचा आराखडा तपासताना पहिला प्रश्न सापळ्यांचा नसावा. गावात शेवटचे ओलित केव्हा दिले जाते, पऱ्हाटी कोणत्या महिन्यापर्यंत बांधावर राहते, जानेवारीत कापसाला भाव चढला तर फरदड मोडण्यास कोण तयार होईल आणि जिनिंगवाले बैठकीला बोलावले होते काय, याची उत्तरे आधी मिळवावीत.