दुकानात दुसरा माणूस घेताना

वणीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिंडोरी तालुका द्राक्षाचा आणि टोमॅटोचा, त्यामुळे विहिरी-बोअरवरच्या पाणबुडी मोटारी हेच आमचं मुख्य काम. बरीच वर्षं दुकान एकट्यानं ओढलं, आता दोन माणसं कायमची आहेत. नवं दुकान टाकणारी पोरं विचारतात, "दादा, माणूस कधी ठेवायचा?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. सुरुवात एकट्यानंच करावी. जळालेली कॉइल काढताना वेढे मोजायचे, तारेचा गेज मायक्रोमीटरनं बघायचा, सगळं वहीत उतरवायचं, मग नवी कॉइल भरायची. हे एकहाती काम आहे. मधेच दुसऱ्यानं हात घातला तर वेढ्यांचा हिशोब चुकतो. शिवाय आपल्या हातची मोटार किती चालते, हे कळल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाची खात्री गिऱ्हाइकाला देता येत नाही.

२. माणूस लागतो तो विहिरीवर. घोडी उभी करा, चेन कप्पी लावा, पाइप एकेक करून सोडवा, केबल सांभाळा: मोटार उपसणं एकट्याचं कामच नाही. शेतकऱ्याच्या घरचे हात लावतात, पण दुकानाचं शटर तोवर खालीच. एप्रिल-मे मध्ये हे फार जाणवतं. खरड छाटणी होऊन बागेला फूट निघत असते आणि विहिरीनं तळ गाठलेला असतो. मोटार कोरडी चालते किंवा एखादा फेज जातो आणि वाइंडिंग जळतं. त्याच सुमारास सप्तशृंगी गडावर चैत्राची यात्रा, खानदेशातून पायी येणाऱ्यांनी नांदुरीचा रस्ता भरलेला. जवळच्या विहिरीवर जाऊन यायलाही अर्धा दिवस जातो. तेवढ्यात कुणी मोटार घेऊन आला आणि बंद शटर बघून पिंपळगावला गेला, तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याची बाग तहानलेली असते. म्हणून पोरांना सांगतो, आलेल्या कामाची वही सगळेच ठेवतात. परत गेलेल्या कामाचीही ठेवा. त्या वहीतली रक्कम एका पगाराच्या वर गेली की माणूस घ्या.

३. पगार बारमाही द्यावा. जुलै-ऑगस्टात वरून पाणी पडत असतं, मोटारी फारशा येत नाहीत. तेव्हा माणूस कमी करायचा आणि सीझनला नवा शोधायचा, ही रीत मला पटत नाही. नवा माणूस शिकेपर्यंत सीझन संपतो. त्यापेक्षा ऑगस्टचा पगार एप्रिलच्या कमाईतूनच बाजूला काढावा. पावसाळ्यात स्टार्टर दुरुस्ती, पॅनलची कामं, जुन्या मोटारी तयार करून ठेवणं, हे असतंच.

४. त्याच्या जिवाची जबाबदारी आपली. ईएसआय साधारणपणे दहा माणसांपासून लागू होतं, म्हणजे आमच्यासारखी दुकानं त्यात बसत नाहीत. मग मालकानं स्वतःहून करावं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. जीवन ज्योतीचा हप्ता 436 रुपये. दोन्ही आपण भरावेत. तेवढ्यानं घर चालत नाही, म्हणून वेगळा अपघात विमाही काढावा. आणि नियम कडक ठेवावा: पेटीतले फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही, मग मळेवाला कितीही घाई करो. अठरा पूर्ण नसलेल्या पोराला विहिरीवर नेऊच नये.

५. जुनं तांबं गिऱ्हाइकाचं. त्याच्यासमोर वजन करावं. घेऊन जातो की बिलात वळतं करायचं, ते त्यानं सांगावं. तांब्याची वरकमाई कामगाराला करू द्यायची आणि पगार कमी ठेवायचा, हा प्रकार मला मान्य नाही. पगारच नीट द्या.

६. शिकलेला माणूस जाणार. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पीएफ मिळतो, तर तो का थांबेल? कुणी कळवणला स्वतःचं दुकान टाकतो. तरीही वेढ्यांच्या वहीसकट सगळं शिकवावं असं माझं मत आहे. अर्धवट शिकवलेल्या माणसाच्या हातची मोटार महिन्यात परत येते आणि नाव आपलंच जातं. गेलेला माणूस अडचणीत फोन करतो, कधी त्याला न पेलणारं कामही पाठवतो.

७. तिसरा माणूस मी घेणार नाही. त्याच्यापुढे माझा दिवस हिशोबात जाईल आणि टेस्टिंग माझ्या हातचं राहणार नाही. मोटार परत देण्याआधी मेगर मी स्वतः लावतो, ते सोडायचं नाही. पण काम बदलतंय. 2019 मध्ये कुसुम योजना आली, तेव्हापासून सौर पंप वाढत चालले आहेत. त्यात मोटारीइतकाच कंट्रोलर बिघडतो आणि ते काम माझ्या हातचं नाही. दोघांतला धाकटा आयटीआय झालेला आहे, त्याला इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे. या पावसाळ्यात पगार चालू ठेवून त्याला नाशिकला शिकायला पाठवतोय.