फाटक गेलं, वेस राहिली

म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाकडे उन्हाळ्यात आईवडील येतात, नातवंडांना सुट्टी लागते आणि भाड्याची गाडी घेऊन साल्झबुर्ग, ल्युब्लियाना, व्हेनिस, जमलंच तर स्वित्झर्लंड असा बेत जेवणाच्या टेबलावर तासाभरात ठरतो. नकाशावर ही ठिकाणं एकमेकांना खेटून आहेत आणि मध्ये कुठे थांबून पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा नसतो. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी १९८५ साली करार झाला आणि १९९५ पासून रस्त्यांवरची फाटकं निघत गेली. घोटाळा तिथेच आहे. फाटक असतं तेव्हा माणूस थांबतो, विचारतो, कागद तपासतो. ते निघालं की आपण ताशी १३० च्या वेगाने एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात शिरतो आणि गाडीतल्या कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून अशा सहलीची आखणी प्रेक्षणीय स्थळांपासून नव्हे, तर सीमांपासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

साल्झबुर्ग ते ल्युब्लियाना हा एकच टप्पा घ्या. अंतर तीनशे किलोमीटरच्या आतलं, म्हणजे पुणे-नाशिकपेक्षा जास्त. ऑस्ट्रियाच्या महामार्गासाठी ठरावीक मुदतीचा परवाना लागतो, त्याला विन्येट म्हणतात. तो घेतला तरी वाटेतल्या टाउअर्न बोगद्यांच्या पट्ट्याचा टोल वेगळा, आणि पुढे जेमतेम आठ किलोमीटरच्या कारावांकन बोगद्याचा आणखी वेगळा. या बोगद्याच्या आतच स्लोव्हेनिया सुरू होतो. तिथली विन्येट स्वतंत्र, २०२२ पासून डिजिटल आणि गाडीच्या नंबराला जोडलेली. भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात पडेपर्यंत कळत नाही, त्यामुळे ‘घरूनच सगळं बुक करून ठेवू’ हे इथे चालत नाही. इटलीत विन्येट नाही, तिकीट घेऊन अंतराप्रमाणे टोल. स्वित्झर्लंडमध्ये फक्त वर्षाची विन्येट मिळते, ४० फ्रँकची. तिथल्या महामार्गावरून तुम्ही एकच दिवस गेलात तरी तीच घ्यायची, आणि नसताना सापडलात तर २०० फ्रँक दंड भरून वर विन्येटचे पैसेही द्यायचे. जर्मनीत मात्र मोटारीला टोलच नाही, आणि तिथून निघणारा माणूस नेमका याच सवयीने गाफील राहतो.

पैशांचं एक वेळ सोडा. तेरा वर्षांचा, १४५ सेंटिमीटर उंचीचा मुलगा मागे बसलाय असं समजा. जर्मनीत बारा वर्षं पूर्ण झाली की खास आसनाची सक्ती संपते, ऑस्ट्रियात १३५ सेंटिमीटरनंतर संपते. इटलीत मात्र दीडशेच्या आतल्या प्रत्येक मुलाला ते लागतं. मुलगा तोच, आसन तेच, पण सीमेपलीकडे बाप नियम मोडणारा ठरतो. परवान्याची गंमत याहून मोठी. पाहुणे म्हणून आलेले आजोबा भारतीय परवाना आणि आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना दाखवून जर्मनीत गाडी चालवू शकतात. तिथे राहायला येऊन सहा महिने उलटलेला मुलगा भारतीय परवान्यावर चालवू शकत नाही, त्याला जर्मन परवानाच काढावा लागतो. आणि आजोबा चालवणार असतील तर भाड्याच्या करारात त्यांचं नाव जादा चालक म्हणून हवं. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचा आधार उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘फोन सांगतो की सगळं.’ फोन रस्ता सांगतो. तुमच्या मुलाची उंची त्याला ठाऊक नसते आणि करारातली कलमंही नसतात. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. त्या भागाला तिथे झेडटीएल म्हणतात. तोंडाशी पाटी आणि कॅमेरा असतो, अडवायला कुणी नसतं. फोनवरचा नकाशा अशा गल्लीत तुम्हाला खुशाल वळवू शकतो. परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस पाठवायला तिथल्या यंत्रणेला ३६० दिवसांची मुदत असते. तोवर सहलीचे फोटोही विस्मरणात गेलेले असतात. शिवाय तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी स्वतःचं शुल्क कार्डावरून वेगळं कापते. दुसरा आक्षेप असा की एवढा हिशेब केला तर मोकळेपणा कुठे राहिला? मला हे उलट वाटतं. मोकळेपणा हवा तो दुपारी तळ्याकाठी थांबायचं की पुढे जायचं हे ठरवताना. बोगद्याच्या तोंडाशी, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना कार्ड शोधण्यात कसला आलाय मोकळेपणा? आणि सीमा दिसत नाही म्हणून ती कायमची गेली असंही नाही. ऑस्ट्रियातून जर्मनीत परतताना २०१५ पासून पुन्हा तपासणी होते, तेव्हा आजीआजोबांचे पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत नकोत. दक्षिणेला दुब्रोव्हनिकच्या पुढे जाणाऱ्यांना तर खरीखुरी वेसच लागते. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेलं कोटोर मॉन्टेनेग्रोत, म्हणजे शेंगेनबाहेर. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेले आईवडील तिकडे गेले की त्याच व्हिसावर परत येऊ शकत नाहीत.

देश मोजायची खोड आपल्याला जाहिरातींनी लावली. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या बसचा चालक मात्र युरोपच्या कायद्याने बांधलेला असतो: साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. त्याचं काम फक्त चालवण्याचं. घरच्या गाडीतला चालक टोलही भरतो, हॉटेलही शोधतो, मागच्या सीटवरची भांडणंही सोडवतो, आणि त्याला आवरणारा कायदा नाही. म्हणून आपणच बंधन घालून घ्यावं: दिवसाला चार तास, शक्यतो एका दिवशी एकच सीमा, प्रत्येक मुक्कामी दोन रात्री. या मापात दहा-अकरा दिवसांत तीन देश बसतात, स्वित्झर्लंड बसत नाही. गाडी जिथे घेतली तिथेच परत करावी, कारण दुसऱ्या देशात सोडण्याचं शुल्क फार असतं. कुठकुठल्या देशांत नेणार हे काउंटरवर सांगून करारात लिहून घ्यावं.

परतीचा टप्पा तेवढा नीट बघा. व्हेनिस ते म्युनिक ब्रेनर खिंडीतून सुमारे साडेपाचशे किलोमीटर. बोल्झानोला मुक्काम केला की त्याचे जवळपास सारखे दोन भाग होतात. ब्रेनरचा टोलही विन्येटहून वेगळा. आणि जाताना पहिल्याच दिवशी घेतलेली ऑस्ट्रियाची दहा दिवसांची विन्येट अकराव्या दिवशी संपलेली असते.