सामाजिक सुरक्षेची वाटणी : ब्रिटनचा अनुभव

वृद्ध, अपंग, बेकार आणि लहान मुलांची गरीब कुटुंबे यांच्या निर्वाहाचा काही भार शासनाने उचलला पाहिजे, हे तत्त्व आज बहुतेक देशांनी मान्य केले आहे. परंतु ज्या देशात एकाहून अधिक शासने कारभार करतात, तेथे पुढचा प्रश्न उभा राहतो : हा भार कोणत्या शासनाने उचलावयाचा? या एका प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न सामावलेले आहेत. साहाय्य कोणाला आणि किती द्यावयाचे, हे कोणी ठरवावयाचे? त्यासाठी लागणारा पैसा कोणी पुरवावयाचा? आणि तो गरजू माणसाच्या हाती कोणी पोहोचवावयाचा? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असेल, तर नागरिकाला आपली दाद कोठे मागावयाची हे ठाऊक असते. उत्तरे वेगवेगळी असली, म्हणजे मात्र जबाबदारीच्या रेषा पुसट होऊ लागतात. गेल्या पंचवीस वर्षांतील ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

एक देश, एक दर

ब्रिटनमधील आधुनिक सामाजिक सुरक्षेची सुरुवात १९०८ च्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन कायद्याने झाली. सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद या कायद्यात होती. १९४२ साली विल्यम बेव्हरिज यांचा सुप्रसिद्ध अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यातील विचारांवर आधारलेली राष्ट्रीय विम्याची योजना ५ जुलै १९४८ पासून अमलात आली. या रचनेचे मुख्य सूत्र समानता हे होते. ग्लासगोच्या गोदीतील बेकार कामगार असो की लंडनमधील कारकून, वर्गणी एकाच दराने भरावयाची आणि साहाय्यही एकाच दराने मिळावयाचे.

या सूत्रामागे आर्थिक कारणही होते. मंदीचा तडाखा सर्व प्रदेशांना सारखा बसत नाही. ज्या प्रदेशातील कारखाने बंद पडतात, तेथेच बेकारांची संख्या वाढते आणि तेथील कराचे उत्पन्नही त्याच वेळी घटते. अशा प्रदेशाने आपल्या बेकारांना स्वतःच पोसावे असे म्हटले, तर गरज सर्वांत मोठी असताना पैसा सर्वांत थोडा, अशी अवस्था होईल. जोखीम साऱ्या देशाने वाटून घेतली, तर ही आपत्ती टळते. सामाजिक सुरक्षा मध्यवर्ती शासनाकडे असावी, या मताचा हाच सर्वांत भक्कम आधार आहे.

राखीव आणि सोपीव

स्कॉटलंडसाठी स्वतंत्र संसद स्थापन करणारा कायदा १९९८ साली संमत झाला आणि पुढील वर्षी ती संसद एडिंबरोत काम करू लागली. भारतीय वाचकाला १९१९ च्या सुधारणा कायद्यातील राखीव व सोपीव खाती इतिहासातून परिचित आहेत. स्कॉटलंडमध्येही विषयांची अशीच विभागणी झाली. भेद इतकाच की, सोपीव विषय येथे निवडून आलेल्या संसदेच्या पूर्ण स्वाधीन होते. आरोग्य, शिक्षण, गृहनिर्माण आणि समाजसेवा हे विषय सोपविण्यात आले. सामाजिक सुरक्षा मात्र लंडनकडे राखीव राहिली.

कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसत होती. व्यवहारात ती तशी राहिली नाही. स्कॉटलंडने जुलै २००२ पासून पासष्ट वर्षांवरील वृद्धांना वैयक्तिक शुश्रूषा विनामूल्य देण्यास आरंभ केला. शुश्रूषा हा सोपीव विषय असल्याने तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. परंतु दुसऱ्याच्या मदतीवाचून ज्यांचे दैनंदिन व्यवहार होऊ शकत नाहीत, अशा वृद्धांना लंडनकडून परिचर्या भत्ता मिळत असे. शुश्रूषागृहात राहणाऱ्या ज्या वृद्धांचा हा खर्च आता एडिंबरोने उचलला, त्यांचा भत्ता लंडनने थांबविला आणि वाचलेली रक्कम स्कॉटलंडला देण्यास नकार दिला. एका शासनाने औदार्य दाखविले आणि त्यातून दुसऱ्याच्या तिजोरीत बचत झाली.

याच्या उलट प्रकार २०१३ साली घडला. सार्वजनिक मालकीच्या घरात राहणाऱ्या, काम करण्याच्या वयातील भाडेकरूकडे गरजेपेक्षा अधिक शयनगृहे असल्यास त्याच्या भाडेसाहाय्यात कपात करण्याचा नियम लंडनने एप्रिलपासून लागू केला. एक खोली अधिक असल्यास १४ टक्के, दोन किंवा त्याहून अधिक असल्यास २५ टक्के, असे कपातीचे प्रमाण होते. घरे बांधणे हे एडिंबरोचे काम, भाडेसाहाय्य मात्र लंडनच्या अखत्यारीत. लहान घरे पुरेशी उपलब्ध नसतील, तर भाडेकरूने जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे दायित्व कोणावरच नव्हते. अखेरीस स्कॉटलंडच्या शासनाने आपल्या अंदाजपत्रकातून पैसा घालून या कपातीची भरपाई केली. शिक्षण व आरोग्य यांसाठी मिळालेल्या अनुदानातील काही भाग दुसऱ्या शासनाच्या निर्णयाचे परिणाम पुसण्यासाठी खर्च झाला.

नवी वाटणी

सप्टेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या जनतेने स्वातंत्र्याच्या विरोधात कौल दिला. त्यानंतर नेमलेल्या स्मिथ आयोगाच्या शिफारशींवरून २०१६ चा कायदा झाला. अपंगत्व, आजारी माणसांची काळजी घेणारे नातलग, बाळंतपण, अंत्यविधी आणि हिवाळ्यातील इंधन यांसंबंधीची अकरा साहाय्ये स्कॉटलंडकडे आली. राज्य निवृत्तिवेतन आणि काम करण्याच्या वयातील गरिबांना मिळणारे, युनिव्हर्सल क्रेडिट नावाचे एकत्रित साहाय्य लंडनकडेच राहिले. लंडनच्या कोणत्याही साहाय्यात स्वतःच्या पैशाने भर घालण्याचा अधिकारही एडिंबरोला मिळाला. अशी भर घातली म्हणून लंडनने मूळ साहाय्य आपोआप कमी करावयाचे नाही, असे आयोगाने बजावले होते. शुश्रूषेच्या जुन्या वादातून घेतलेला हा बोध होता.

स्कॉटलंडच्या संसदेने २०१८ साली आपला स्वतंत्र कायदा केला. सामाजिक सुरक्षा हा मानवी हक्क आहे, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. डंडी शहरात मुख्य कार्यालय असलेली एक नवी यंत्रणा त्याच वर्षी उभी राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये गरीब कुटुंबांतील सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे आठवड्याला १० पौंड देणे सुरू झाले. एप्रिल २०२२ मध्ये ही रक्कम २० पौंड झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती २५ पौंड करून सोळा वर्षांखालील सर्व मुलांना लागू करण्यात आली. ब्रिटनच्या अन्य भागांत असे साहाय्य नव्हते.

परंतु या नव्या इमारतीचा पाया जुन्याच भूमीवर आहे. मुलांसाठीचे हे साहाय्य युनिव्हर्सल क्रेडिट किंवा लंडनचे तत्सम साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबांनाच दिले जाते. कुटुंबाचे उत्पन्न किंचित वाढून लंडनचे साहाय्य बंद झाले, की एडिंबरोचेही बंद होते. पात्र कोण, याचा निर्णय अशा रीतीने अंशतः लंडनमध्येच होतो.

पैशाची वाट

विषय सोपविताना पैसाही सोपवावा लागतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन्ही शासनांनी यासाठी एक सूत्र मान्य केले. एखादे साहाय्य हस्तांतरित होण्यापूर्वी लंडन त्यावर स्कॉटलंडमध्ये जेवढा खर्च करीत असे, तेवढी रक्कम प्रथम अनुदानात मिळवावयाची. पुढे इंग्लंड व वेल्समधील तशाच साहाय्यावरील खर्च ज्या प्रमाणात बदलेल, त्या प्रमाणात लोकसंख्या लक्षात घेऊन ती बदलावयाची. यापेक्षा अधिक खर्च करावयाचा असेल, तर तो स्कॉटलंडने स्वतः सोसावा.

हे सूत्र न्याय्य दिसते. तथापि त्याचा एक परिणाम २०२४ साली प्रकर्षाने दिसून आला. हिवाळ्यातील इंधनासाठी वृद्धांना दिले जाणारे साहाय्य केवळ गरीब वृद्धांपुरते मर्यादित करण्याचा निर्णय लंडनच्या अर्थमंत्र्यांनी जुलैमध्ये जाहीर केला. हा निर्णय इंग्लंड व वेल्सपुरता होता. स्कॉटलंडमध्ये हा विषय सोपीव झालेला होता आणि तेथील शासन सर्व वृद्धांसाठी आपली योजना आखीत होते. परंतु इंग्लंडमधील खर्च घटताच स्कॉटलंडला मिळणारी रक्कमही घटली, आणि ऑगस्टमध्ये एडिंबरोलाही तसेच बंधन घालावे लागले. जून २०२५ मध्ये लंडनने आपला निर्णय बदलून वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या वृद्धांना हे साहाय्य पुन्हा देऊ केले. ज्या वृद्धांनी मधला हिवाळा साहाय्यावाचून काढला, त्यांनी दोष कोणाला द्यावयाचा? कायद्याने उत्तर होते एडिंबरो. पैशाच्या दृष्टीने उत्तर होते लंडन.

दोन वेगळ्या वाटा

उत्तर आयर्लंडमध्ये सामाजिक सुरक्षेचे कायदे करण्याचा अधिकार फार पूर्वीपासून स्थानिक विधिमंडळाकडे आहे. मात्र तेथे समतेचा संकेत पाळला जातो : ब्रिटनमध्ये जे दर, तेच येथेही, आणि त्याच्या बदल्यात खर्च लंडनने द्यावयाचा. २०१२ मधील कपातीचा कायदा स्वीकारण्याबाबत बेलफास्टमधील पक्षांत एकमत झाले नाही, तेव्हा लंडनच्या अर्थखात्याने अनुदानातून वजावट केली. नोव्हेंबर २०१५ मधील तडजोडीनंतर लंडनच्या संसदेनेच तेथील कायदा केला, आणि बेलफास्टने स्वतःच्या निधीतून काही वर्षे कपातीची झळ कमी केली. अधिकार कागदावर पूर्ण असला, तरी वेगळेपणाची किंमत परवडत नसेल तर तो वापरता येत नाही, हे यावरून दिसून येते.

वेल्सकडे सामाजिक सुरक्षेचा विषयच सोपविलेला नाही. तरीही २०१३ साली स्थानिक करातील सवलतीची देशव्यापी योजना रद्द करून, तिची जबाबदारी घटविलेल्या निधीसह खाली ढकलण्यात आली, तेव्हा वेल्सच्या शासनाला तूट भरून काढावी लागली. अधिकार नसलेल्या शासनावरही भार येतो, तो असा.

तात्पर्य

भारतातही हे प्रश्न अपरिचित नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत अपंग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींचे साहाय्य हा विषय राज्यसूचीत आहे, तर सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा हा समवर्ती सूचीत. महाराष्ट्राने निराधारांसाठी १९८० साली स्वतःची अनुदान योजना सुरू केली होती. केंद्राने १९९५ साली वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपयांचे निवृत्तिवेतन सुरू केले आणि राज्यांनी त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालावी अशी अपेक्षा ठेवली. परिणामी, सारख्याच गरजेच्या दोन वृद्धांना राज्याच्या सीमेच्या अलीकडे व पलीकडे वेगवेगळी रक्कम मिळते.

ब्रिटनच्या अनुभवावरून एवढे म्हणता येते की, विषयांच्या याद्या कितीही काळजीपूर्वक केल्या तरी कुटुंबाच्या गरजा त्या याद्यांप्रमाणे विभागल्या जात नाहीत. भाडे, औषध, इंधन आणि मुलांचे अन्न यांचा खर्च एकाच घरातून आणि एकाच मिळकतीतून होतो. म्हणून कोणत्याही वाटणीची पारख करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. जे शासन निर्णय घेते, तेच त्याचा खर्च सोसते काय? आणि साहाय्य नाकारले गेल्यास कोणत्या दारी जावयाचे, हे सामान्य माणसाला सांगता येते काय? या दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल, तर दोन शासने असूनही गरजू माणसाला उत्तर देणारे कोणीच नाही, अशी स्थिती ओढवते. अधिकारांची वाटणी करणाऱ्यांनी प्रथम विचार करावयाचा तो याच माणसाचा होय.